मंठ्याचे रस्ते आणि मीटरचा काटा

जुन्या मोटारीतला स्पीडोमीटर एकाच तबकडीत दोन कामे करतो. काटा वेग दाखवतो आणि त्याखालचे आकडे अंतर मोजतात. दोन्हींना गती मिळते एकाच केबलमधून, पण ते बिघडतात वेगवेगळ्या कारणांनी. बिघाड ओळखण्याची सगळी रीत या भेदावर उभी आहे.

वेगमापकाची ही रचना ओटो शुल्झे यांनी १९०२ साली बर्लिनमध्ये पेटंट केली. गिअरबॉक्सच्या मागच्या दांड्यावरची गरारी एक छोटे पिनियन फिरवते. पिनियनमुळे केबलमधली पीळदार तार फिरते आणि तारेच्या दुसऱ्या टोकाला मीटरमधले चुंबक फिरू लागते. चुंबकाभोवती ॲल्युमिनियमची वाटी असते. ती चुंबकाला कुठेही टेकत नाही. फिरत्या चुंबकामुळे वाटीत विद्युतप्रवाह उत्पन्न होतात आणि ती त्याच दिशेने ओढली जाते; केसासारखी बारीक स्प्रिंग तिला मागे खेचते. या ओढाताणीत काटा जिथे थांबतो, तो वेग. आकड्यांचा मामला याहून सरळ. तिथे चुंबक नाही, नुसते दात्यांना दाते.

आज जालना जिल्ह्यात असलेल्या मंठ्याच्या परिसरात मोटार आली ती निजामाच्या हैदराबाद संस्थानाच्या काळात. मंठा तेव्हा परभणी जिल्ह्यातल्या परतूर तालुक्यात मोडत असे. मनमाड-सिकंदराबाद लोहमार्ग परतुरावरून गेला. मंठ्याला मात्र स्टेशन मिळाले नाही. जालना, जिंतूर, लोणार, परतूर, कुठेही जायचे तर रस्ताच. संस्थानाच्या रेल्वेने १९३२ साली २७ बसगाड्यांनिशी स्वतःचे रस्ता वाहतूक खाते उघडले. पुढे १९४८ साली संस्थान भारतात विलीन झाले, १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्याला जोडला गेला आणि १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा झाला, तेव्हा परतूर तालुका परभणीतून निघून त्यात आला. मंठा हा स्वतंत्र तालुका त्यानंतरचा.

या स्थित्यंतरांच्या मधोमध मीटरचे मोजमापही बदलले. १९५६ च्या वजनमापांच्या कायद्याने देशात दशमान पद्धत आली आणि रस्त्याकडेचे मैलाचे दगड हळूहळू किलोमीटरचे झाले. गाड्या मात्र जुन्याच होत्या. मैलांच्या मीटरवर नुसती किलोमीटरची तबकडी बसवली, तर काटा नव्या मापात बोले आणि आकडे जुन्याच मापात पळत राहत. अशा गाडीचे ५०,००० म्हणजे प्रत्यक्षात ८०,००० किलोमीटरांहून अधिक. शिवाय बऱ्याच जुन्या मीटरांत आकड्यांची घरे पाचच. ९९,९९९ नंतर पुन्हा शून्य. ‘गाडी किती फिरली?’ हा जुन्या गाडीच्या सौद्यातला पहिला प्रश्न. त्याला मीटरने दिलेले उत्तर म्हणूनच कधी पूर्ण भरवशाचे नव्हते.

आता बिघाडाकडे. काटा आणि आकडे दोन्ही बंद असतील, तर दोष मीटरच्या आधी कुठेतरी आहे असे धरून चालतात. केबल मीटरमागून सोडवायची, गाडी थोडी ढकलायची आणि तारेचे चौकोनी टोक फिरते का ते पाहायचे. फिरत नसेल तर तार तुटली किंवा गिअरबॉक्सजवळचे पिनियन झिजले. हे पिनियन पुष्कळ गाड्यांत नायलॉनचे असते. तार बाहेर ओढून पाहिली की दोहोंतले कोणते, हे लगेच कळते. टोक नीट फिरत असेल, तर ते मीटरच्या खाचेत बसलेले नाही किंवा मीटरच आतून जाम आहे. जाम मीटरमुळेही तार तुटते, म्हणून नवी केबल टाकण्याआधी मीटर हाताने फिरवून पाहणे शहाणपणाचे.

आकडे पळतात पण काटा निपचित, याचा अर्थ केबल निर्दोष आहे. दोष वाटीत, स्प्रिंगमध्ये किंवा काट्याच्या बैठकीत. उलट, काटा चालतो आणि आकडे थांबले, तर आकड्यांच्या मालिकेतले एखादे प्लास्टिकचे चाक फुटले असणार. काही गाड्यांत हे चाक आपोआप फुटते, काहींत ते फोडलेले असते.

काटा नाचतो, ही तक्रार सगळ्यांत जास्त ऐकू येते. तिचे कारण बहुधा कोरडी पडलेली किंवा तीव्र वळणावर मुडपलेली केबल. तार अडखळते, पीळ साठतो आणि सुटतो, त्याबरोबर काटा उड्या मारतो. सोबत टिकटिक आवाजही येतो. उपाय ग्रीसचा, पण हात आखडता घेऊन. जास्तीचे ग्रीस फिरत्या तारेवरून वर चढते, वाटी चुंबकाला चिकटते आणि काटा शेवटच्या आकड्याला जाऊन टेकतो. गिअरबॉक्सचे ऑइल सील गेले असले तर तेलही याच वाटेने मीटरपर्यंत पोचते.

चुकीचा पण स्थिर आकडा दाखवणारे मीटर सगळ्यांत फसवे, कारण ते चालू दिसते. मूळ मापापेक्षा मोठे टायर घातले, तर खरा वेग दाखवलेल्यापेक्षा जास्त असतो. दुसऱ्या गाडीचे मीटर बसवले, तर घोटाळा याहून मोठा. स्मिथ्स कंपनीच्या जुन्या मीटरांवर एका मैलाला केबलचे किती फेरे, हा आकडा तबकडीवरच बारीक अक्षरांत छापलेला असे. जपानी पद्धतीत एका किलोमीटरला ६३७ फेरे धरतात, कित्येक युरोपीय मीटरांत १,०००. ६३७ फेऱ्यांच्या गाडीला १,००० चे मीटर लावले, तर ताशी ६० वेगाला काटा ३८ वर थांबतो. हे पडताळायला यंत्र लागत नाही. सरळ, मोकळ्या रस्त्यावर गाडी एकाच वेगात ठेवायची आणि शेजारी बसलेल्याने दोन किलोमीटर-दगडांमधला वेळ घड्याळावर मोजायचा: ६० सेकंद लागले तर ताशी ६०, ७२ लागले तर ५०, ९० लागले तर ४०.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या ११७ व्या नियमाने स्पीडोमीटर सक्तीचा केला. पण आकडे पळू नयेत म्हणून केबल सोडून ठेवण्याची जुन्या गाड्यांच्या बाजारातली चलाखी नियमाने थांबली नाही; म्हणून बंद मीटर नेहमी बिघडलेलेच असते असे नाही. केबलच्या चाकीवर पान्याचे ताजे ओरखडे दिसले, तर त्यांचा अर्थ विचारणे रास्त ठरते.

नंतरच्या गाड्यांतून केबल गेली. गिअरबॉक्सवरचा सेन्सर विजेचे स्पंद पाठवतो आणि मीटरमधली छोटी मोटर काटा हलवते. इथे आधी फ्यूज, मग सेन्सरचा कनेक्टर, मग वायर, हा क्रम. चाक फिरवताना सेन्सरकडून स्पंद येतात का, ते मल्टिमीटरवर पाहतात. अंतराचा आकडा आता चिपमध्ये असतो आणि मीटर बदलले की तोही बदलू शकतो. म्हणून तो ताडून पाहायचा तर सर्व्हिसच्या जुन्या पावत्या, पेडलच्या रबराची झीज आणि टायरच्या बाजूवरचा आठवडा-वर्षाचा चार अंकी शिक्का पाहावा लागतो. चाळीस हजार फिरलेल्या गाडीच्या क्लचचे पेडल गुळगुळीत नसते.