मोटारीच्या दिव्यावरचा काळा रंग : मुंबई उपनगरांतील प्रकाशबंदीचा एक अवशेष

मुंबई व तिच्या उपनगरांतील रस्त्यांवर विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात धावणाऱ्या अनेक मोटारींच्या पुढील दिव्यांची काच वरच्या भागात काळ्या रंगाने झाकलेली असे. टॅक्सी, मालमोटार, खाजगी गाडी या सर्वांवर हे चिन्ह आढळे. कोठे अर्धी काच काळी केलेली, कोठे केवळ एक पट्टी, तर कोठे मधोमध रुपयाएवढा ठिपका. हा रंग कारखान्यातून लागून येत नसे. गाडीचा मालक, चालक किंवा वाड्यातील एखादा हौशी मुलगा इनॅमलची लहान डबी व अर्ध्या इंचाचा कुंचला घेऊन तो घरीच लावी. हे चिन्ह कशाचे, असे विचारता दोन उत्तरे मिळत. वृद्ध मंडळी म्हणत, हा लढाईतील ब्लॅक-आउटचा नियम होय. चालक म्हणत, समोरच्याचे डोळे दिपू नयेत म्हणून. दोन्ही उत्तरांत तथ्य आहे, परंतु ती दोन भिन्न इतिहासांची उत्तरे आहेत. आकाशातून पाहणाऱ्या शत्रूपासून प्रकाश लपविणे हा एक हेतू, आणि समोरून येणाऱ्या माणसाचे नेत्र वाचविणे हा दुसरा. एकाच कुंचल्याने दोन्ही साधतील असा समज कसा रूढ झाला, आणि तो कितपत खरा होता, हे पाहणे उद्‌बोधक ठरते.

प्रथम प्रदेशाचा विचार केला पाहिजे. १९२० साली मुंबई उपनगर जिल्हा ठाणे जिल्ह्यातून वेगळा काढण्यात आला, त्या वेळी साष्टीतील ही गावे शहराच्या नगरपालिकेबाहेर होती. अंधेरी व घाटकोपर १९५० साली, तर बोरिवली व मुलुंड १९५७ साली बृहन्मुंबईच्या हद्दीत आले. मधल्या काळात येथील दळणवळण मुख्यतः दोन लोहमार्गांवर व दोन रस्त्यांवर अवलंबून होते. पश्चिमेकडे वांद्रे, अंधेरी, बोरिवली यांवरून जाणारा घोडबंदर रस्ता, आणि पूर्वेकडे कुर्ला, घाटकोपर, मुलुंड यांवरून ठाण्यास पोचणारा आग्रा रस्ता. ठाणे खाडीवरील वाशीचा पूल १९७३ मध्ये खुला होईपर्यंत पुण्याकडील वाहतूकही ठाणे-मुंब्र्याच्या वळणाने याच पूर्वेकडील रस्त्याने जाई. त्यामुळे घाटकोपर-मुलुंडच्या रहिवाशांना रात्रीच्या मालमोटारींचा जो परिचय होता, तो गिरगावच्या रहिवाशांना नव्हता. शहरातील मोटार दिव्यांच्या खांबांमधून जाई. उपनगरातील मोटारीला स्वतःच्याच दिव्यावर विसंबावे लागे. रस्त्याला पदपथ नाही, कडेला वड-चिंचेची झाडे, समोर कंदील टांगलेली किंवा न टांगलेली बैलगाडी, अशी ती स्थिती होती. दिवा झाकण्याच्या हुकमाचा भार शहरापेक्षा उपनगरावर अधिक का पडला असेल, हे यावरून ध्यानी येते.

दुसऱ्या महायुद्धात हा हुकूम प्रथम आला. १९३९ च्या भारत संरक्षण कायद्याखालील नियमांत दिवे व आवाज यांच्या नियंत्रणाचा अधिकार सरकारने घेतला होता. १९४२ च्या एप्रिलमध्ये जपानी विमानांनी ५ तारखेस कोलंबोवर व ६ तारखेस विशाखापट्टण व काकिनाडा यांवर हल्ले केले, तेव्हा हा अधिकार केवळ कागदी राहिला नाही. हवाई हल्ल्यापासून बचावाची संघटना, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेली 'ए.आर.पी.', गल्लोगल्ली दिसू लागली. प्रकाशबंदी, दिवेबंदी असे मराठी शब्द वृत्तपत्रांनी वापरून पाहिले. पण लोकांनी 'ब्लॅक-आउट' हाच शब्द उचलला, आणि तो पुढील दोन युद्धांतही टिकून राहिला. मुंबईवर जपानी विमान आले नाही. शहराचा सर्वांत मोठा युद्धकालीन संहार १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टायकिन' या जहाजावरील स्फोटक द्रव्यांनी झाला, आणि तोही दिवसाढवळ्या. झाकलेल्या दिव्यांचा त्याच्याशी काही संबंध पोचत नाही.

मोटारीचा दिवा झाकण्याची पद्धत इंग्लंडमधून आली. तेथे १ सप्टेंबर १९३९ पासून प्रकाशबंदी सुरू झाली. प्रारंभी मोटारींना बाजूच्या मंद दिव्यांवरच चालावे लागे. १९४० च्या आरंभी ठराविक नमुन्याचा, आडव्या फटींचा व वर पडदी असलेला पत्र्याचा मुखवटा पुढील दिव्यावर बसविण्यास परवानगी मिळाली. गाडीच्या कडा पांढऱ्या रंगाने रंगविण्यात आल्या, आणि दाट वस्तीत रात्रीची वेगमर्यादा ताशी २० मैल करण्यात आली. तरीही परिणाम भयंकर झाला. ब्रिटनमध्ये १९३८ साली रस्त्यावरील अपघातांत सुमारे ६,६०० माणसे मृत्यू पावली होती. १९४१ साली हा आकडा ९,१०० च्या पुढे गेला. पेट्रोलच्या नियंत्रणामुळे रस्त्यावरील मोटारी कमी झालेल्या असताना ही वाढ झाली, हे विशेष लक्षात घेण्यासारखे आहे. मृतांत पादचाऱ्यांचा भरणा मोठा होता. शत्रूच्या बाँबपासून वाचविण्यासाठी केलेल्या काळोखाने स्वतःच काही हजार बळी घेतले.

हिंदुस्थानात त्या मुखवट्याचे स्वस्त रूप प्रचारात आले. पत्र्याच्या मुखवट्याऐवजी काचेच्या वरच्या भागावर काळा रंग द्यावयाचा, किंवा खळीने तपकिरी कागद चिकटवावयाचा. कागद पहिल्या पावसात गळून पडे, म्हणून रंग टिकला. येथे एका गोष्टीकडे दुर्लक्ष होऊ नये. बंकर खणणे, भोंगे बसविणे ही सरकारची कामे. परंतु खिडकीवर कागद लावणे व दिव्याला रंग देणे ही कामे शासनाने गृहस्थावर सोपविली होती. त्यांचा खर्च अंदाजपत्रकात दिसत नाही, तो घराघरांत विखुरलेला आहे. युद्धाचा इतिहास लिहिताना हा घरगुती खर्च व श्रम सहसा जमेस धरले जात नाहीत.

१९६५ च्या सप्टेंबरात हा अनुभव पुन्हा आला. ६ सप्टेंबर रोजी भारतीय सैन्याने लाहोर आघाडी उघडली. ७-८ च्या रात्री पाकिस्तानी नौदलाने द्वारकेवर तोफा डागल्या, आणि पश्चिम किनारा हा केवळ नकाशावरील सीमा नाही हे मुंबईकरांना उमगले. त्या वर्षीच्या गणेशोत्सवाचे अखेरचे दिवस याच आठवड्यात पडले. रोषणाईचा सण आणि अंधाराचा हुकूम यांची अशी गाठ पडली. २३ सप्टेंबरला शस्त्रसंधी झाली.

१९७१ चा प्रसंग अधिक गंभीर होता. १९४२ मध्ये उपनगरांत विमानतळ व कारखाने यांखेरीज लक्ष्य म्हणावे असे फारसे नव्हते. १९७१ पर्यंत चित्र पालटले होते. सांताक्रूझचा विमानतळ, तुर्भे-माहुल येथे १९५० नंतर उभे राहिलेले तेलशुद्धीकरणाचे कारखाने, तुर्भ्याचे वीजकेंद्र व अणुसंशोधन केंद्र ही सर्व लक्ष्ये उपनगरांतच होती. 'अप्सरा' ही अणुभट्टी ४ ऑगस्ट १९५६ रोजी कार्यान्वित झाली होती. ही सर्व स्थळे घाटकोपरपासून काही मैलांच्या आत पडतात. कराची ते मुंबई हे सरळ रेषेतील अंतर ९०० किलोमीटरच्या आसपास आहे, आणि पाकिस्तानी हवाई दलाजवळ बी-५७ जातीची बाँबफेकी विमाने होती. तेव्हा भीती निराधार होती असे म्हणता येणार नाही. ३ डिसेंबरच्या संध्याकाळी पाकिस्तानी विमानांनी उत्तर भारतातील विमानतळांवर हल्ले केले, आणि मुंबईतील दिवे मालवले गेले.

येथे पंचांगाकडे पाहणे उपयुक्त ठरते. मार्गशीर्ष पौर्णिमा २ डिसेंबरला होऊन गेली होती, आणि पश्चिमेकडील युद्ध १७ डिसेंबरला, म्हणजे अमावास्येच्या सुमारास थांबले. म्हणजे प्रकाशबंदीचा सारा पंधरवडा कृष्णपक्षाचा होता. पहिल्या रात्री चंद्र सायंकाळनंतर लवकरच उगवे व त्याच्या उजेडात रस्ता दिसे. पुढे चंद्रोदय रोज पाऊण-एक तासाने लांबत गेला, आणि दुसऱ्या आठवड्यात कचेरीतून परतणाऱ्या माणसाला तो मुळीच दिसेनासा झाला. हुकूम तोच राहिला, पण त्याचा जाच रोज वाढत गेला. मानवी डोळ्याला अंधाराची सवय होण्यास वीस ते तीस मिनिटे लागतात. अंधेरी वा मुलुंड स्थानकावर उतरून घराकडे निघालेल्या माणसाला एखादी न झाकलेली मोटार समोरून गेली की तेवढी सवय क्षणात नष्ट होई. झाकलेला दिवा दिसत नाही, न झाकलेला दिवा दिपवितो, अशा कात्रीत पादचारी सापडे.

युद्ध संपले, खिडक्यांचे कागद उतरले, परंतु दिव्यांचा रंग उतरला नाही. एवढेच नव्हे, तर कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून त्यानंतर बाहेर पडलेल्या नव्या गाड्यांवरही तो लावला गेला. येथे दुसरा हेतू, म्हणजे दिपण्याचे निवारण, पुढे आला. दुहेरी वाहतुकीचे अरुंद रस्ते, वाढती वाहने आणि दिवा खाली न करण्याची चालकांची खोड यांवर रंगाची पट्टी हा सोपा उपाय वाटला. पोलिसालाही ती उभ्या गाडीवर, दिवसा, एका नजरेत तपासता येई. उपाययोजनेपेक्षा तपासणीची सोय हीच अनेकदा नियमाला दीर्घायुष्य देते.

परंतु हा उपाय प्रकाशशास्त्राच्या कसोटीस कितपत उतरतो? मोटारीच्या जुन्या दिव्यात परवलयाकार आरसा असतो. तंतू त्याच्या नाभीवर असेल तर आरशाच्या प्रत्येक भागातून परतणारे किरण समांतरच जातात. तेव्हा वरची अर्धी काच झाकली म्हणजे प्रकाश खाली वळतो, हा समज चुकीचा आहे. प्रकाशाचे केवळ प्रमाण घटते, दिशा बदलत नाही. खाली वळणाऱ्या झोतासाठी युरोपीय पद्धतीच्या दुहेरी तंतूच्या दिव्यात दुसरा तंतू नाभीच्या पुढे बसवून त्याच्याखाली धातूची लहान वाटी ठेवलेली असते. या वाटीमुळे प्रकाश केवळ आरशाच्या वरच्या अर्ध्यावर पडतो, तेथून तो किंचित खाली वळून काचेच्या मुख्यतः वरच्याच भागातून बाहेर पडतो. म्हणजे अशा दिव्याची वरची काच काळी केली, तर नेमका न दिपविणारा, सौम्य झोतच अडविला जातो, आणि दिपविणाऱ्या मोठ्या झोताचा खालचा अर्धा भाग मोकळा राहतो. मंद दिव्यात रस्ता दिसेना म्हणून चालक मोठाच झोत चालू ठेवी, हा त्याचा स्वाभाविक परिणाम होय. समोरच्याच्या सोयीसाठी लावलेला रंग अशा रीतीने त्याच्यावरच उलटे.

आकाशातून पाहणाऱ्याच्या दृष्टीने मात्र त्याच पट्टीला अर्थ आहे. दिव्यातील तंतूपासून आरशावर न पडता थेट पुढे व वर जाणारे भरकटते किरण काचेच्या वरच्या भागातूनच निसटतात, आणि वैमानिकाला दिसण्यासारखे किरण तेच. वरच्या बाजूचा काळा रंग त्यांतील बराच अंश अडवितो. रंगाची जागा पहिल्या हेतूशी जुळते, दुसऱ्याशी जुळत नाही. यावरून ही पट्टी मूळची ब्लॅक-आउटचीच असून दिपण्याचे कारण तिला मागाहून चिकटले, हे अनुमान अधिक सयुक्तिक ठरते. रूढी टिकून राहते व तिचे कारण बदलते, हा प्रकार समाजशास्त्राच्या अभ्यासकांना नवा नाही. मधोमध काढलेल्या ठिपक्याचे समर्थन मात्र दोहोंपैकी कोणत्याच हेतूने होत नाही. ती निव्वळ नियमाची खूण होय.

पिवळ्या रंगाचा उल्लेखही येथे केला पाहिजे, कारण धुक्याच्या दिव्यांवर घरी पिवळा रंग वा पिवळा कागद लावण्याची हौस याच काळात दिसते. खंडाळ्याच्या घाटात पावसाळ्यात गाडी नेणाऱ्यांनी तिचा विशेष पुरस्कार केला. फ्रान्सने १९३६ च्या हुकुमाने मोटारींना पिवळे दिवे सक्तीचे केले होते, आणि ती सक्ती १९९३ मध्ये संपली. पिवळा प्रकाश धुके भेदतो, या समजुतीस आकाशाच्या निळेपणाचा दाखला देण्यात येतो; पण तो दाखला लागू पडत नाही. हवेचे रेणू प्रकाशाच्या तरंगलांबीहून फार लहान असतात, म्हणून ते निळा प्रकाश अधिक विखुरतात. धुक्याचे थेंब तरंगलांबीच्या अनेक पट मोठे असतात आणि सर्व रंग जवळजवळ सारखेच विखुरतात. धुक्याच्या दिव्याचा खरा गुण त्याच्या खाली बसविण्यात व रुंद, वरून कापलेल्या झोतात आहे. रंग लावल्याने उजेड तेवढा कमी होतो.

कायद्याने अखेर रंगाचा नव्हे, तर झोताच्या दिशेचा विचार केला. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे पुढील दिव्याचा झोत असा खाली वळलेला, किंवा चालकास वळविता येणारा, असावा की दिव्यापासून ८ मीटर अंतरावर, जमिनीपासून १.५ मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसाला तो दिपविणार नाही. कुंचल्याऐवजी येथे माप आले. त्याच सुमारास काचेची जागा प्लॅस्टिकने घेतली; त्या पृष्ठभागाला इनॅमलमधील द्रावकाने तडे जातात व तो धुरकट होतो. दिव्यांचे आकारही असे बदलले की 'वरचा अर्धा भाग' कोणता हे सांगणे कठीण झाले. ज्या गाडीवर ही पट्टी सर्वांत अधिक शोभली, ती प्रीमियर पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ रोजी मुंबईच्या रस्त्यावरून कायमची निवृत्त झाली. ७ मे २०२५ रोजी देशभर नागरी संरक्षणाची रंगीत तालीम घेण्यात आली, तेव्हा नागरिकांना पुन्हा दिवे मालविण्याच्या सूचना मिळाल्या.