सारा गोमेझ : क्रांतीलाच प्रश्न विचारणारी दिग्दर्शिका

आर्थिक शोषण संपले की बाकीचे भेद आपोआप गळून पडतील, हे वाक्य आपण किती मंचांवरून ऐकले आहे! क्युबात तर क्रांती प्रत्यक्ष झाली. १९५९ मध्ये सत्तेवर येताच फिदेल कॅस्ट्रो यांनी कामाच्या ठिकाणच्या वर्णभेदावर जाहीर टीका केली. गोऱ्यांचे क्लब आणि समुद्रकिनारे सर्वांना खुले झाले. हे काम मोठेच होते, ते नाकारण्याचे कारण नाही. पण १९६२ मध्ये वर्णभेद संपल्याची घोषणाही होऊन गेली. ज्या देशात गुलामगिरी कायद्याने १८८६ मध्ये संपली, तिथे माणसांची मने अवघ्या तीन वर्षांत बदलली?

हा प्रश्न कॅमेरा हातात घेऊन विचारणारी कृष्णवर्णीय दिग्दर्शिका म्हणजे सारा गोमेझ.

तिचा जन्म १९४२ चा, हवानाजवळच्या ग्वानाबाकोआचा. घर संगीतकारांचे. ती स्वतः पियानो शिकली, मग पत्रकारिता केली आणि १९६१ मध्ये क्रांतीनंतर स्थापन झालेल्या सरकारी चित्रपट संस्थेत दाखल झाली. तोमास गुतिएरेझ आलेआ आणि फ्रान्सच्या आन्येस वार्दा यांच्यासोबत तिने साहाय्यक म्हणून काम केले. पुढे क्युबात पूर्ण लांबीचा कथापट करणारी ती पहिली स्त्री ठरली.

१९६६ च्या ग्वानाबाकोआवरील माहितीपटात तिने कॅमेरा आधी स्वतःच्या कुटुंबाकडे वळवला. तिथल्या सुस्थितीतील काळ्यांचेही वेगळे क्लब होते आणि त्यांत सगळ्याच काळ्यांना जागा नव्हती. गोऱ्यांनी नाकारलेली माणसे आपल्यातच उतरंड का रचतात? 'आम्ही त्यांच्यातले नाही' असे सिद्ध करण्याची गरज त्यांना का वाटते? व्यवस्थेला दोष देणे सोपे असते, आपल्याच घराला हे प्रश्न विचारायला धैर्य लागते.

त्यानंतर ती पिनोस बेटावर गेली. तिथे तरुणांना नव्या समाजासाठी घडवले जात होते. १९६८ च्या माहितीपटात एक काळा तरुण गायक तिच्याशी बोलतो. त्याला ऑपेरा गायचा आहे, पण रंग आडवा येतो. वर्णभेद संपल्याच्या घोषणेला तेव्हा सहा वर्षे झाली होती! १९७२ मध्ये तिने कामकरी बायकांच्या दुहेरी ओझ्यावर माहितीपट केला. तो पुढे कित्येक वर्षे लोकांसमोर आलाच नाही.

तिचा एकमेव कथापट 'दे सिएर्ता मानेरा', म्हणजे 'एका अर्थाने'. लास यागुआस ही हवानाची बदनाम झोपडपट्टी पाडली गेली. तिथल्याच रहिवाशांच्या श्रमातून १९६२ मध्ये मिराफ्लोरेस ही नवी वसाहत उभी राहिली. तिथे वाढलेला कामगार मारियो आणि मध्यमवर्गीय शिक्षिका योलांदा यांची ही प्रेमकथा. मारियोचा मित्र आईच्या आजारपणाची थाप मारून कामावर दांडी मारतो. मित्राला पाठीशी घालायचे की कामगारांच्या सभेत खरे बोलायचे? पुरुषांच्या दोस्तीचा हा कायदा मारियोच्या अंगात मुरलेला आहे. व्यावसायिक नटांबरोबर वस्तीतली खरी माणसेही यात दिसतात. इमारती पाडणारा लोखंडी गोळा पडद्यावर पुन्हा पुन्हा येतो. झोपडी एका घावात पडते, पण डोक्यातली भिंत?

चित्रपटावर आक्षेपही घेता येतो. त्यातले निवेदन आफ्रिकी वारशाच्या आबाकुआ या पुरुषांच्या गुप्त संघटनेकडे मागासलेपणाची खूण म्हणून पाहते. इथे सरकारी भाषा साराच्या भाषेवर स्वार झाल्यासारखी वाटते. पण योलांदालाही ती मोकळी सोडत नाही. वस्तीतल्या मुलांकडे पाहणारी या शिक्षिकेची नजर तिच्या वर्गातून आली आहे, हे चित्रपट स्पष्ट दाखवतो.

२ जून १९७४ रोजी दम्याच्या झटक्याने सारा गेली. वय अवघे ३१. अपुरा चित्रपट आलेआ आणि हुलिओ गार्सिया एस्पिनोसा यांनी पूर्ण करवून घेतला. तो १९७७ मध्ये प्रदर्शित झाला.

सारा क्रांतीची शत्रू नव्हती, हे मुद्दाम सांगायला हवे. ती क्रांतीच्या संस्थेत राहून, क्रांतीवर विश्वास ठेवून प्रश्न विचारत होती. 'आधी वर्ग, मग बाकीचे' असे सांगणाऱ्या मित्रांनी तिचे चित्रपट जरूर पाहावेत. आणि आपणही पाहावेत. कारण तिचा पहिला प्रश्न सत्तेला नव्हता, तो स्वतःच्या घराला होता. आपल्या घराला, आपल्या संघटनेला तो प्रश्न आपण शेवटचा कधी विचारला?