जठराचा कर्करोग, जिवाणू आणि रसायनोपचार : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

भुसावळ हे मध्य रेल्वेचे महत्त्वाचे जंक्शन आहे. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळ येथे टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाल्यानंतर खान्देशातील अनेक कर्करोगी याच लोहमार्गाने मुंबई गाठत आले. जठराचा रुग्ण मात्र बहुधा उशिरा निघतो. कारण पोटातील जळजळ ‘पित्त’ समजली जाते आणि दोष तिखटाला दिला जातो. जठराच्या आम्लात जिवाणू तग धरू शकत नाही, असे वैद्यकशास्त्रही दीर्घकाळ मानत होते. या समजुतीचा इतिहास आणि रसायनोपचाराच्या फलिताशी असलेला त्याचा संबंध तपासणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

मुंबईतील संशोधन

डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी १९४५ मध्ये धोतराचा घट्ट काच आणि तंबाखूच्या सवयी यांचा कर्करोगाशी असलेला संबंध दाखविला. १९५२ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचे ते पहिले संचालक होत. कुष्ठरोगाच्या जिवाणूवरही खानोलकर आणि डॉ. कमल रणदिवे या दोघांनी काम केले. जिवाणू आणि कर्करोग हे दोन्ही विषय अशा रीतीने एकाच संस्थेत अभ्यासले जात होते. तथापि जठरातील त्यांचा दुवा उघड झाला तो ऑस्ट्रेलियात.

जिवाणूचा शोध

१९८२ मध्ये पर्थ येथे बॅरी मार्शल व रॉबिन वॉरेन यांनी हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू प्रयोगशाळेत वाढविला. १९८४ मध्ये मार्शल यांनी तो स्वतः प्राशन केला आणि त्यांना जठरदाह झाला. १९९४ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने या जिवाणूस मानवी कर्करोगाचे निश्चित कारण ठरविले. २००५ मध्ये दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. भारतात मात्र संसर्ग विपुल असूनही जठराचा कर्करोग त्या प्रमाणात आढळत नाही. यास ‘भारतीय कोडे’ म्हटले जाते.

उपचारांचे फलित

१८८१ मध्ये व्हिएन्ना येथे बिलरोथ यांनी जठरछेदनाची पहिली यशस्वी शस्त्रक्रिया केली. १९५७ मध्ये फ्लुरोयुरॅसिल हे औषध पुढे आले. १९९३ मध्ये जठराच्या एका प्रकारच्या लिम्फोमाची गाठ केवळ प्रतिजैविकांनी विरल्याचे दिसून आले. नेहमीच्या जठरकर्करोगात मात्र चित्र इतके सरळ नाही. काही अभ्यासांत जिवाणू आढळलेले रुग्ण अधिक काळ जगल्याचे दिसले, तर अलीकडील संशोधनात प्रतिकारशक्तीवर आधारित उपचारांचा प्रभाव अशा रुग्णांत कमी आढळला. शिवाय जठराचे अस्तर झिजून आम्ल घटले की जिवाणू आपोआप नाहीसा होतो. त्यामुळे रसायनोपचाराच्या वेळी चाचणीत जिवाणू न आढळणे म्हणजे संसर्ग कधी झालाच नव्हता, असे नव्हे.

निष्कर्ष

१९६३ मध्ये मुंबईत आणि १९८७ मध्ये बार्शी येथे कर्करोग नोंदणी सुरू झाली. अशी नोंदणी मुख्यतः अवयव, वय, लिंग व निवास यांची असते; संसर्गाचा पूर्वेतिहास केसपेपरवरच लिहावा लागतो. तो नसेल तर रसायनोपचाराचे यश औषधाचे, शरीराचे की जिवाणूच्या अभावाचे, हे ठरविता येत नाही. परळपर्यंत उशिरा पोहोचणाऱ्या खान्देशी रुग्णाची ही नोंद गावच्या दवाखान्यात, ‘पित्ता’च्या पहिल्या तक्रारीपासूनच सुरू होणे अगत्याचे आहे.