चकती-नेमबाजीची बंदूक
हवेत वेगाने फेकलेली ठिसूळ चकती छऱ्यांनी फोडण्याच्या खेळात वापरली जाणारी गुळगुळीत नळीची बंदूक, शॉटगन. चकतीचा व्यास ११ सेंमी. व वजन सुमारे १०५ ग्रॅ. असते. ऑलिंपिक पद्धतीच्या स्पर्धांत बहुतेक नेमबाज १२ बोअरची, एकाखाली एक नळ्या असलेली दुनळी वापरतात. काडतुसात सुमारे २४ ग्रॅ. छरे असतात.

निवड आधी खेळाच्या प्रकारावरून होते. ट्रॅपमध्ये चकती नेमबाजापासून दूर पळते, म्हणून छरे फार पसरू न देणारी, तोंडाशी आवळलेली (चोक) आणि साधारण ७६ ते ८१ सेंमी. लांबीची नळी घेतात. स्कीटमध्ये चकती जवळून आडवी जाते. तेथे खुल्या तोंडाची, बहुधा थोडी आखूड नळी चालते.

यापुढचा प्रश्न अंगाला बसण्याचा, आणि तो बंदुकीच्या किमतीपेक्षा कितीतरी महत्त्वाचा आहे. रायफलीसारखी मागची माशी शॉटगनला नसते. तिचे काम नेमबाजाचा डोळाच करतो. गाल दस्त्यावर टेकल्यावर डोळा नळीवरच्या पट्टीच्या रेषेत आपोआप यायला हवा. दस्ता गालाखाली उंच असला तर छरे वर जातात, खोलगट असला तर खाली. ट्रॅपची चकती वर चढत असल्याने त्या बंदुका मुद्दाम थोड्या वर मारणाऱ्या ठेवतात. दस्ता लांब असेल तर तो काखेत अडकतो, आखूड असेल तर धक्क्याने अंगठा नाकावर आपटतो. हिवाळ्यात जाड कपड्यांवर तोच दस्ता लांब वाटू लागतो. उजव्या खांद्यावरून मारणाऱ्याचा डावा डोळा प्रबळ असेल तर छरे डावीकडे जातात. हा दोष बंदूक बदलून जात नाही, म्हणून प्रबळ डोळा कोणता हे खरेदीपूर्वीच तपासावे.

नवी बंदूक आधी कागदी फलकावर चालवून छऱ्यांचा पुंजका कोठे पडतो ते पाहतात. त्यानंतरचा सराव कंटाळवाणा, पण त्याला पर्याय नाही : रिकामी असल्याची खात्री केलेली बंदूक आरशासमोर पुनःपुन्हा खांद्याला लावायची. ट्रॅपमध्ये ती आधीच खांद्याशी असते. आंतरराष्ट्रीय स्कीटमध्ये मात्र चकती दिसेपर्यंत दस्ता कमरेजवळ ठेवावा लागतो, त्यामुळे उचलण्यातली चूक तेथे लगेच भोवते. चकतीच्या पुढे मारायचे आणि चाप ओढल्यावरही नळी फिरत ठेवायची, हे नंतर जमते. दस्ता एकदा बसला की तो सारखा कोरत राहू नये. शरीराला जुळून घ्यायला अवधी द्यावा.

भारताकडून बिकानेरचे करणीसिंह यांनी १९६२ च्या कैरो येथील जागतिक स्पर्धेत ट्रॅपमध्ये, तर राज्यवर्धनसिंह राठोड यांनी २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये डबल ट्रॅपमध्ये रौप्यपदक मिळवले. भारतात शॉटगन बाळगण्यास शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार परवाना लागतो. त्यामुळे नवशिक्याने प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली रेंजवरच्या निरनिराळ्या बंदुका हाताळून आपली मापे ठरवावीत आणि मगच खरेदीकडे वळावे.