वेलांटी आधी की अक्षर आधी

शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, नेवाशात ज्ञानेश्वरी सांगितली गेली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली. आधी आवाज आणि मग अक्षर, असा तो क्रम होता. पुढची कित्येक शतके हा ग्रंथ लोकांपर्यंत पोचला तो मुख्यतः कानांवाटे, पारायणातून आणि प्रवचनातून. दृष्टी नसलेला माणूस त्या श्रोत्यांत इतरांच्या बरोबरीने बसू शकत असे. मात्र या चित्राला फार गोड रंग देऊ नये. कुठला अध्याय लावायचा, किती वेळ वाचायचे, कुठे थांबायचे हे वाचणाराच ठरवी. ऐकायला मिळणे आणि स्वतः वाचता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आज ‘संकेतस्थळ सर्वांना वापरता यावे’ असे म्हणताना मागणी असते ती दुसऱ्या गोष्टीची. माझे म्हणणे असे की मराठीत ही अडचण इंटरनेटपेक्षा पुष्कळ जुनी आहे. मजकूर डोळ्याला दिसतो त्या क्रमाने जपून ठेवायचा, की तोंडाने उच्चारतो त्या क्रमाने, हा तिच्या मुळाशी असलेला प्रश्न आहे आणि नेवासे ज्यात येते त्या नगर जिल्ह्याच्या इतिहासातून त्याचे धागे स्पष्ट दिसतात.

अमेरिकन मराठी मिशनचे काम नगरला १८३१ मध्ये सुरू झाले आणि १८४२ मध्ये तिथूनच ‘ज्ञानोदय’ निघाले. छापील मराठीने वाचकवर्ग घडवला, शाळा वाढवल्या. तिचे ऋण मोठे आहे. पण खिळे जुळवणाऱ्याचे काम आकाराशी होते. ‘किती’ हा शब्द जुळवताना त्याच्या हातात आधी ऱ्हस्व वेलांटी येई आणि मग ‘क’, कारण कागदावर वेलांटी डावीकडे बसते. आपण मात्र ‘क’ आधी उच्चारतो आणि ‘इ’ नंतर. छापलेल्या पानावर या उलटापालटीने काही बिघडत नाही, कारण डोळा सगळा शब्द एकदम पाहतो. ज्याला तो आकार दिसतच नाही, त्याच्यासाठी मात्र पान कोरेच राहिले.

त्या कोऱ्या पानावर पुढे काम झाले, आणि त्यातही हेच मिशन होते. १९०० साली, दुष्काळाच्या त्या भीषण काळात, मिशनच्या ॲना मिलार्ड यांनी मुंबईत अंध मुलांसाठी शाळा काढली. आजची दादरची अंधशाळा ती हीच. भारतीय भाषांसाठी तेव्हा एकच अशी ब्रेल लिपी नव्हती. वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या पद्धती बसवल्या होत्या, त्यामुळे एका पद्धतीत शिकलेल्याला दुसरीतले पुस्तक परके होई. १९५१ मध्ये भारती ब्रेल ठरली आणि हा गोंधळ संपला. तिच्यात ‘किती’ कसा लिहितात ते पाहण्यासारखे आहे. पहिल्या घरात ‘क’चे टिंब एक आणि तीन, दुसऱ्यात ऱ्हस्व ‘इ’चे दोन आणि चार, मग ‘त’, मग दीर्घ ‘ई’. वेलांटी अक्षराच्या मागे गेली. बोट डावीकडून उजवीकडे सरकते आणि शब्द जसा उच्चारतो तसाच हाताला लागतो. ‘ळ’लाही तिच्यात स्वतःचे घर आहे. मराठी लेखनाच्या इतिहासात या निर्णयाला जेवढी जागा मिळायला हवी, तेवढी मिळालेली नाही असे मला वाटते.

संगणक आल्यावर आपण पुन्हा खिळ्यांकडे वळलो. टंकलेखन यंत्रावर वेलांटीची कळ आधी दाबायची सवय होती, आणि कृतिदेवसारख्या फॉन्टांनी तीच उचलली. या फॉन्टांत पडद्यावर ‘किती’ दिसते, पण फाइलच्या पोटात असतात इंग्रजी एफ, डी, आर आणि एच ही चार अक्षरे. त्यांच्यावर देवनागरी आकारांचे नुसते पांघरूण घातलेले असते. स्क्रीनरीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा प्रोग्राम, पांघरूण पाहत नाही. तो ‘एफ डी आर एच’ वाचतो. एवढ्या एका शब्दात सगळे दुखणे आले. युनिकोडने देवनागरीसाठी उच्चाराचा क्रम धरला, म्हणजे १९५१ च्या ब्रेलचाच: क, वेलांटी, त, वेलांटी. नोव्हेंबर २००९ मध्ये केंद्र सरकारने ई-प्रशासनासाठी युनिकोड हेच प्रमाण ठरवले. त्यानंतरही जुन्या फॉन्टातली पत्रके, किंवा कागद स्कॅन करून चढवलेल्या सूचना थांबल्या नाहीत. स्कॅनमध्ये तर चार इंग्रजी अक्षरेही नसतात. नुसते चित्र असते.

इथे पहिला आक्षेप येतो: असे वापरणारे असतात किती? २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार अपंग व्यक्तींची नोंद झाली. पण आकड्यापेक्षा अंतराचा विचार करा. नगर हा क्षेत्रफळाने राज्यातला सर्वांत मोठा जिल्हा, सुमारे १७ हजार चौरस किलोमीटरचा. अकोले तालुक्यातल्या डोंगरातून किंवा जामखेडच्या टोकावरून नगर गाठायला दिवस मोडतो. ऑनलाइन अर्जाने ही खेप सर्वांत आधी कोणाची वाचायला हवी? ज्याला प्रवास सर्वांत जड जातो त्याची. अर्जच त्याला वाचता येत नसेल, तर तो सोबत कोणाला तरी घेऊन सेतू केंद्रात जातो आणि आपला उत्पन्नाचा आकडा, आपला आजार चारचौघांत मोठ्याने सांगतो. पोथी वाचणाऱ्यावर अवलंबून असलेल्या श्रोत्याची जागा ती हीच.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. आता मोबाइल चित्रातली अक्षरेही ओळखतो, मग फाइलच्या पोटाची चिंता कशाला? ओळखतो हे खरे आणि ते उपयोगीही आहे. पण सातबाऱ्यावरच्या गट नंबरात एक आकडा चुकला, तर ऐकणाऱ्याला चूक कळण्याचा मार्ग नसतो, बघणाऱ्याला असतो. शिवाय युनिकोड आला म्हणजे सगळे झाले असेही नाही, हे कबूल केले पाहिजे. ज्या बटणाला नाव दिलेले नाही, ते स्क्रीनरीडरला नुसते ‘बटण’ असते. चित्रातला कॅप्चा अंध माणसाला तिथेच अडवतो. माउस धरता न येणाऱ्याला सगळा अर्ज कीबोर्डवरून भरता आला पाहिजे, आणि कर्णबधिराला चित्रफितीखाली मजकूर लागतो.

यातले काहीही आता दयेवर सोडलेले नाही. अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या २०१६ च्या कायद्याने हा हक्क दिला. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी खटल्यात त्या कायद्याखालचा नियम १५(१) अवैध ठरवला, कारण तो मानकांना केवळ शिफारशीच्या पातळीवर ठेवत होता. बंधनकारक मानके करायला सरकारला तीन महिने दिले. एप्रिल २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणे हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला. न्यायालयाचा निकाल ग्रामपंचायतीच्या टेबलापर्यंत पोचायला वेळ लागेल. पण जिल्ह्यातल्या ग्रामपंचायतीत, शाळेत, पतसंस्थेत जो कोणी उद्या सूचना टाइप करणार आहे, त्याला एवढीच विनंती: ती युनिकोडमध्ये टाइप करा, आणि सही-शिक्क्याचा स्कॅन चढवायचाच असेल तर शेजारी मूळ मजकुराची फाइलही ठेवा.