कचेरी, खोरे आणि कॉलेज

पुण्यातून पौडला निघालेला रस्ता आज बराचसा शिक्षणाचा रस्ता झाला आहे. कोथरुडात याच रस्त्यालगत एमआयटी स्कूल ऑफ गव्हर्नमेंट २००५ साली सुरू झाले आणि २०११ पासून त्यांनी भारतीय छात्र संसद भरवायला सुरुवात केली. पुढे लवळ्याच्या टेकडीवर सिंबायोसिस आणि फ्लेम ही दोन विद्यापीठे आहेत. खुद्द पौडजवळ, खुबवलीच्या डोंगरावर, ख्रिस्तोफर बेनिंजर यांनी बांधलेले महिंद्र युनायटेड वर्ल्ड कॉलेज १९९७ पासून देशोदेशींच्या मुलामुलींना दोन वर्षे एकत्र ठेवते आहे. राज्यकारभार, सार्वजनिक धोरण, समाजशास्त्र शिकू पाहणाऱ्या विद्यार्थ्यापुढे त्यामुळे संधींची रांगच लागते: पाहुण्यांची व्याख्याने, अभिरूप संसद, परिषदा, आमदारांच्या कार्यालयातली उमेदवारी, फेलोशिप. यातले काहीच टाकाऊ नाही. पण पुणे परिसरात सार्वजनिक कारभाराचे शिक्षण कसकसे घडत गेले हे पाहू लागले की या सगळ्यांत जुनी आणि सगळ्यांत फळलेली रीत कोणत्याच माहितीपत्रकात ठळक अक्षरांत दिसत नाही. ती रीत म्हणजे चौकशी. गावात जायचे, कागद तपासायचे, माणसांना विचारायचे, आणि जे सापडले ते त्याच माणसांना कळेल अशा भाषेत परत नेऊन द्यायचे. व्यासपीठ त्यानंतर येते, निदान यायला हवे.

पुण्याला व्यासपीठांची वाण कधीच नव्हती. न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू झाली आणि दर उन्हाळ्यात कॉलेजांतली पोरे तिथे राजकारणाची बाराखडी गिरवू लागली. पण तिच्याआधी पाच वर्षे, १८७० मध्ये, सार्वजनिक सभा निघाली होती. गणेश वासुदेव जोशी आणि पुढे रानडे यांच्या काळात सभेचे खरे बळ होते ते तिच्या माहितीत. १८७६-७७ च्या दुष्काळात सभेने जिल्ह्याजिल्ह्यांतून पीकपाण्याची, मजुरीची, मृत्यूंची माहिती मागवली आणि ती सरकारपुढे निवेदनांच्या रूपाने ठेवली. १८९६ चा दुष्काळ पडला तेव्हा सभा टिळकांच्या हाती होती. तिने एक पाऊल पुढे टाकले. सरकारचाच दुष्काळविषयक कायदा मराठीत समजावून सांगायचा, सारा कधी माफ होतो, कधी तहकूब होतो हे शेतकऱ्याला कळवायचे, म्हणून सभेची माणसे गावोगाव हिंडली आणि केसरीने त्याच कलमांची फोड करून छापली. परिणाम काय झाला? १८९७ साली सरकारने सभेची मान्यता काढून घेतली. वसंत व्याख्यानमालेवर असा घाव कधी पडला नाही. सत्तेला काय झोंबते याचा यापेक्षा स्वच्छ पुरावा शोधूनही सापडणार नाही. भाषणे ऐकून घेता येतात; आपलेच कलम घेऊन दारात उभा राहिलेला शेतकरी तसा परतवता येत नाही.

या रीतीला शिस्त दिली गोपाळ कृष्ण गोखल्यांनी. १२ जून १९०५ रोजी स्थापन झालेला भारत सेवक समाज ही एका अर्थाने आपल्याकडची सार्वजनिक कारभाराची पहिली पाठशाळाच होती, फक्त तिथे पदवी मिळत नसे. नव्या सदस्याला पाच वर्षे उमेदवारी करावी लागे: वाचन, देशभर प्रवास, प्रश्नांचा अभ्यास. बोलण्याची घाई नको, हा गोखल्यांचा आग्रह इतका पक्का होता की दक्षिण आफ्रिकेतून परतलेल्या गांधींनाही त्यांनी वर्षभर देश पाहायला लावला आणि त्या काळात सार्वजनिक प्रश्नांवर मत देऊ नये असे वचन घेतले. त्याच सुमारास पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य हॅरल्ड मान आपल्या सहकाऱ्यांना घेऊन शहराजवळच्या पिंपळे सौदागर गावात घरोघर, शेतोशेत फिरत होते. जमिनीचे तुकडे किती झाले, कर्ज किती, कुटुंबाची मिळकत त्याला पुरते का, हे सारे त्यांनी १९१७ साली ग्रंथरूपाने मांडले. आज तिथे उंच इमारती आहेत आणि त्या शेतांचे नकाशे फक्त मानसाहेबांच्या पुस्तकात उरले आहेत. जगातही हाच काळ अशा चौकशीचा होता. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दारिद्र्याच्या कारणांचा अभ्यास करणारा विभाग निघाला तो मुंबईच्या सर रतन टाटांच्या देणगीतून, आणि त्याचे पहिले संचालक होते आर. एच. टॉनी. टाटांचे नाव इथे मुद्दाम घेतले, कारण पुढच्या गोष्टीत टाटा दुसऱ्याच भूमिकेत येतात.

पौडच्या पश्चिमेला, सह्याद्रीच्या कड्याला टेकलेले मुळशीचे खोरे म्हणजे आंबेमोहराच्या खाचरांचा मुलूख. मुळा आणि निळा या नद्यांच्या पाण्यावर धरण बांधायचे, पाणी बोगद्याने कोकणात भिऱ्याला सोडायचे आणि त्या पडण्यातून मुंबईच्या गिरण्यांना वीज द्यायची, ही टाटा पॉवर कंपनीची योजना. तिच्यासाठी मुंबई सरकारने १८९४ च्या भूसंपादन कायद्याखाली पन्नासहून अधिक गावांच्या जमिनी घ्यायचे ठरवले. खासगी कंपनीच्या कामाला सार्वजनिक प्रयोजन म्हणायचे का, हा वाद आज कायद्याच्या वर्गात शिकवला जातो. मुळशीत तो भातखाचराच्या बांधावर उभा राहिला. १६ एप्रिल १९२१, रामनवमीच्या दिवशी, मावळे धरणाच्या कामावर जाऊन बसले. त्यांच्यासोबत न. चिं. केळकर, शिवरामपंत परांजपे, पांडुरंग महादेव बापट, विनायकराव भुस्कुटे, शंकरराव देव अशी शहरी, शिकलेली मंडळी होती. असहकाराचे दिवस होते, अनेक तरुणांनी सरकारी कॉलेजे सोडली होती, आणि त्याच वर्षी पुण्यात टिळक महाराष्ट्र विद्यापीठ निघाले होते. कॉलेज सोडून आलेल्याला पुढे काय, हा प्रश्न होताच. त्याचे एक उत्तर पौड रस्त्यावरून चालत मुळशीपर्यंत जात होते. या सगळ्यांत बापटांचे उदाहरण आजच्या 'संधी' या कल्पनेला चांगलेच छेद देणारे आहे. मुंबई विद्यापीठाची मंगळदास नथूभाई शिष्यवृत्ती घेऊन ते एडिंबरोला अभियांत्रिकी शिकायला गेले, आणि हिंदुस्थानातल्या ब्रिटिश राज्यकारभारावर तिथे केलेल्या भाषणापायी ती गमावून बसले. यंत्रशास्त्र शिकायला गेलेला हा माणूस पुढे जलविद्युत प्रकल्पाच्या विरोधातला सेनापती ठरला. ती पदवी त्याला मुळशीनेच दिली.

मात्र मुळशीला केवळ शौर्यकथा करून टाकले तर तिच्यातला धडाच हरवतो. राजेंद्र व्होरा यांनी या सत्याग्रहाचा जो बारकाईने अभ्यास केला, त्यातून निघणारे चित्र अवघड आहे. खोऱ्यातल्या बऱ्याच जमिनीवर पुण्यातल्या सावकारांचा आणि जमीनदारांचा हक्क होता. कसणारा मावळा म्हणत होता, जमीन देणार नाही. मालक म्हणत होता, मोबदला वाढवून द्या. आंदोलनाच्या व्यासपीठावर 'जान किंवा जमीन' ऐकू येत असताना शहरात नुकसानभरपाईचे हिशेब मांडले जात होते. त्यात टाटांची कंपनी स्वदेशी. तिच्या विरोधात उभे राहायचे म्हणजे राष्ट्रीय उद्योगाला खीळ घालायची, असे मानणारे देशभक्तही कमी नव्हते. गांधींनी एप्रिल १९२१ मध्येच 'यंग इंडिया'तून मुळशीकरांची बाजू घेत टाटांना विनवले, तेही याच पेचातून. कूळ, जमीनदार, सावकार, कंपनी, सरकार आणि राष्ट्र अशी सहा टोके असलेला हा गुंता कुठल्याही भाषणातून उलगडणारा नव्हता. जमिनीचे उतारे, गहाणखते आणि वस्तीवर काढलेली रात्र, यांतूनच तो कळणार होता. काहींना तो कळला, पण उशिरा.

इथे पहिला आक्षेप येतो तो रास्त आहे. मुळशीचा सत्याग्रह हरला. काम काही काळ थांबले, पुन्हा सुरू झाले, शेकडो लोक तुरुंगात गेले. शिवरामपंतांनीही शिक्षा भोगली. बापटांनी शेवटी कामाची रेल्वेगाडी अडवली आणि त्यांना सात वर्षांची सजा झाली. १९२७ साली भिऱ्याची वीज मुंबईला पोहोचली. मग या चौकशीच्या रीतीने कोणाचे काय भले केले? याचे उत्तर असे की मुळशीत चौकशी झालीच अपुरी. आंदोलनाने आधी बाजू घेतली आणि खोऱ्याची रचना नंतर समजून घेतली. खेडा आणि बार्डोली इथल्या सत्याग्रहांशी ताडून पाहा. दोन्ही ठिकाणी सारावाढीच्या किंवा पिकाच्या आकड्यांवर सरकारला कोंडीत धरता आले, आणि बार्डोलीत तर सरकारला १९२८ साली ब्रूमफिल्ड-मॅक्सवेल चौकशी नेमून आकडे तपासावे लागले. मुळशीला तसे आकडे कोणी वेळेवर गोळा केले नाहीत. जमीन कोणाची, राबतो कोण, उठल्यावर जाणार कुठे, याची नोंद सत्याग्रहींकडे असती तर धरण थांबले असते असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. पण कुळाला मोबदल्यात वाटा मिळावा हा मुद्दा इतका दुबळा राहिला नसता, एवढे खात्रीने म्हणता येते.

दुसरा आक्षेप विद्यापीठांच्या बाजूचा: विद्यार्थी लढ्याच्या जागी गेला की पक्षपाती होतो, अभ्यासाची तटस्थता जाते. गोखल्यांची पाच वर्षांची उमेदवारी याच भीतीतून आली होती, आणि ती भीती खोटी नाही. पण तटस्थता म्हणजे दूर राहणे असा अर्थ लावला की काय होते, हेही पुण्याने पाहिले आहे. १९३० साली रावबहादुर काळे यांच्या देणगीतून गोखले अर्थशास्त्र संस्था उभी राहिली. धनंजयराव गाडगीळांच्या हाताखाली तिने पुणे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी केली, वाई तालुक्यातल्या शेतीचे हिशेब तपासले, आणि गोदावरी-प्रवरा कालव्यांच्या पाण्याने किती लाभ होतो हे मोजण्याची पद्धतच घडवली. काम अव्वल दर्जाचे. पण धरणाने काय मिळते हे मोजण्याचे शास्त्र पुण्यात तयार होत असताना, त्याच पुण्यापासून अर्ध्या दिवसाच्या वाटेवर धरणाने कोणाचे काय गेले हे मोजायला कोणी बसले नाही. भुस्कुट्यांनी आपला अनुभव पुस्तकात लिहिला. राज्यशास्त्राच्या अंगाने लढ्याची उभी-आडवी तपासणी व्हायला व्होरांची वाट पाहावी लागली, आणि त्यांचा इंग्रजी ग्रंथ आला तो २००९ साली. तोवर खोऱ्यातून उठलेली पिढी सांगण्यापुरतीही उरली नव्हती. आणखी एक विसंगती नोंदवण्याजोगी आहे. मुळशीच्या वेळी टाटा घराण्याचे प्रमुख सर दोराबजी होते; त्यांच्याच नावाच्या न्यासातून १९३६ साली मुंबईत देशातली समाजकार्याची पहिली पदव्युत्तर शाळा निघाली, आजची टाटा समाजविज्ञान संस्था. विस्थापितांचे प्रश्न या संस्थेने पुढे गांभीर्याने हाती घेतले, नर्मदेच्या खोऱ्यात तर विशेषच. आपला दाता कोण हे पाहून ज्ञान थांबत नाही, हे बरेच म्हणायचे.

व्याख्यानांची बाजू घेणारा इथे आंबेडकरांकडे बोट दाखवील. २९ जानेवारी १९३९ रोजी बाबासाहेबांनी गोखले संस्थेचे काळे स्मारक व्याख्यान दिले. संघराज्य की स्वातंत्र्य हा त्याचा विषय. ते ऐकणाऱ्या विद्यार्थ्याला एका संध्याकाळी जे मिळाले असेल ते वर्षभराच्या क्षेत्रभेटींत मिळाले नसते, हे मान्य. पण ते व्याख्यान कशावर उभे होते? प्रांतिक वित्तव्यवस्थेवरच्या वर्षानुवर्षांच्या संशोधनावर. १९१८ साली लहान शेतजमिनींवर निबंध लिहिताना याच माणसाने मान यांच्या पिंपळे सौदागरच्या पाहणीचीही दखल घेतली होती. वक्त्याने आधी चौकशी केलेली असली की व्याख्यान शिक्षण होते. नसली तर तो सत्कारसमारंभ होतो, आणि आजच्या अनेक परिषदांचा कल तिकडेच आहे, शाल-श्रीफळासकट.

१९६९ साली राष्ट्रीय सेवा योजना आली आणि शहरी विद्यार्थी पुन्हा गावात पोहोचला, सात दिवसांच्या श्रमसंस्कार शिबिरातून. दत्तक गाव, सकाळी चर खोदणे, संध्याकाळी पथनाट्य. मुळशी तालुक्यातल्या गावांनी अशी शिबिरे भरपूर पाहिली. त्यांत घाम गळतो, ओळखी होतात, काहींचे आयुष्यही वळण घेते. फक्त गावाचा सातबारा क्वचितच उघडला जातो. नेमका तोच या तालुक्यात वाचण्यासारखा आहे. हिंजवडीचे माहिती-तंत्रज्ञान नगर याच तालुक्यात उभे राहिले, पिरंगुटला कारखाने आले. दासव्याच्या बाजूला लवासा उभारले गेले आणि पर्यावरण मंत्रालयाने २०१० च्या नोव्हेंबरात त्याला नोटीस बजावली. दर दहा-पंधरा वर्षांनी इथल्या जमिनीचा मालक, उपयोग किंवा भाव बदलतो. या सगळ्याचे कागद तहसील कचेरीत, म्हणजे पौडला.

कायद्यानेही विद्यार्थ्यासाठी एक दार आता उघडे ठेवले आहे. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने १८९४ चा कायदा रद्द केला आणि संपादनापूर्वी सामाजिक परिणामांचे मूल्यांकन बंधनकारक केले: कोणाची उपजीविका जाते, कूळ आणि भूमिहीन मजूर यांचे काय होते, जनसुनावणीत लोक काय म्हणाले. मुळशीत १९२१ साली जे प्रश्न कोणी वेळेवर विचारले नाहीत, जवळपास तेच. २०१८ मध्ये महाराष्ट्राने दुरुस्ती करून काही प्रकारच्या प्रकल्पांना या मूल्यांकनातून सूट देण्याची सोय केली, त्यामुळे पुष्कळ ठिकाणी ही चौकशी आता सरकारवर बंधनकारक राहिलेली नाही. कोणत्याही कॉलेजला ती स्वतःहून करायला मात्र मनाई नाही. लवळ्याच्या किंवा कोथरुडच्या विद्यार्थ्याने एका गावाची अशी पाहणी करायला एक सत्र पुरते. अडचण भाषेची येईल. या संस्थांतले बहुतेक लेखन इंग्रजीत होते आणि ते प्राध्यापकांच्या टेबलावर संपते. मूळ कायद्यात मात्र स्पष्ट तरतूद आहे की मूल्यांकनाचा अहवाल स्थानिक भाषेत पंचायतीला द्यायचा आणि जिल्हाधिकारी, प्रांत व तहसीलदार यांच्या कचेऱ्यांत लोकांना वाचायला ठेवायचा. १८९६ साली सार्वजनिक सभेच्या माणसांनी जे काम मान्यता गमावून केले, ते आता कलमात लिहिलेले आहे.