बुलेटखालचा तेलाचा डाग : रेडिच, मद्रास, बाभुळगाव

बिडाच्या इंजिनाची जुनी बुलेट विकत घेणाऱ्याला विकणारा हमखास ऐकवतो, "बुलेट आहे, तेल तर गळणारच!" बाभुळगावात ऐका की पुण्यात, वाक्य तेच. या वाक्यामागे मोठा औद्योगिक इतिहास उभा आहे. मात्र ते अर्धेच खरे आहे. आजचा धागा त्या उरलेल्या अर्ध्याविषयी.

भारतीय सैन्याने सीमेवरील गस्तीसाठी ३५० सीसीच्या ८०० बुलेट मागवल्या आणि १९५५ मध्ये इंग्लंडमधील रेडिच येथील रॉयल एनफिल्ड व मद्रास मोटर्स यांच्या भागीदारीतून एनफिल्ड इंडिया उभी राहिली. प्रारंभी सुटे भाग इंग्लंडहून येत व मद्रासेत जोडले जात. १९६२ पर्यंत सर्व भाग येथेच घडू लागले. पुढे मूळ ब्रिटिश कंपनी लयाला गेली, आणि १९७७ पासून मद्रासची बुलेट चक्क इंग्लंडलाच निर्यात होऊ लागली! दुसऱ्या महायुद्धानंतर लगेच आखलेला हा आराखडा किरकोळ बदलांसह २००९-१० पर्यंत टिकला. त्या आराखड्यासोबत त्याची गळतीही टिकली.

गळतीचे लोकप्रिय स्पष्टीकरण असे : ब्रिटिश इंजिनाची पेटी उभी चिरलेली, म्हणजे डावा-उजवा अर्धभाग जोडून केलेली; सांधा तेलाच्या पातळीखाली येतो, म्हणून पाझरतो. होंडाने १९६९ च्या सीबी ७५० मध्ये पेटी आडवी चिरली आणि प्रश्न मिटला. कथा आकर्षक आहे, पण १९८५ मध्ये आपल्याकडे आलेली हिरो होंडा सीडी १०० आठवा. तिचीही पेटी डावी-उजवीच जोडलेली, तरीही खालची फरशी कोरडी. तेव्हा दोष एकट्या चिरेचा नव्हे. सांध्याचे पृष्ठभाग किती सपाट घासले गेले, ऑइल सील कोणत्या प्रतीचे, आणि पेटीतल्या हवेला वाट कशी दिली, यांवर सारे अवलंबून असते. माझ्या मते शेवटचा मुद्दा सर्वांत दुर्लक्षित.

एकच मोठा पिस्टन खाली येतो तेव्हा पेटीतली हवा दाबली जाते. ती ब्रीदरच्या नळीतून बाहेर पडावी, अशी योजना असते. नळी तुंबली किंवा तिच्या टोकाचे रबर कडक झाले, की तीच हवा तेलाला ढकलत मिळेल त्या फटीतून निघते. मग मिस्त्री पॅकिंगमागून पॅकिंग बदलतो आणि गाडी गळतच राहते. म्हणून पहिली तपासणी ब्रीदरची.

दुसरा पेच असा की, या बुलेटमध्ये तेलाची तीन घरे आहेत : इंजिन, प्रायमरी चेनकेस आणि गिअरबॉक्स. कोणत्या घरातली पातळी उतरते, हे आधी पाहावे. चेनकेसचे झाकण मधल्या एकाच नटावर धरलेले असते व कडेला रबरी सील असते. गळते म्हणून नट आणखी आवळला, तर झाकण वाकते आणि गळती वाढते. तिथे सील बदलणे हाच उपाय.

उगम शोधताना बाभुळगावच्या काळ्या रानाची धूळ मोठी अडचण करते. तेलावर बसून ती असा थर धरते की सगळे इंजिनच पाझरत आहे, असे वाटावे. इंजिन थंड असताना रॉकेलने धुऊन कोरडे करावे, संशयित सांध्यांवर टाल्कम पावडर भुरभुरावी, दहा मिनिटे चालवावे. तेल खाली ओघळते आणि वाऱ्याने मागे सरकते. म्हणून ओल्या पावडरीतला सर्वांत वरचा आणि पुढचा ठिपका हाच आरोपी. रॉकर कव्हरचे तेल पुष्कळदा पेटीच्या तळाशी थेंब होऊन लोंबते, आणि दोष बिचाऱ्या ड्रेन प्लगला लागतो.

प्लगच खरा दोषी असेल, तर तांब्याचा वायसर लाल तापवून थंड करावा. तांबे मऊ होते व पुन्हा नीट बसते. कव्हरचे जुने पॅकिंग पेचकसाने खरवडू नये, कारण ओरखडा हीच नवी फट. सपाट जाड काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून कव्हरचा काठ हलक्या हाताने घासावा, मग नवे पॅकिंग. चिकटद्रव्य पातळच लावावे. जादा लावलेले आत सुटून तेलाची वाट अडवते.

एवढा खटाटोप कशासाठी? इंजिनातले तेल जेमतेम दोन-सव्वादोन लिटर. जुन्या बुलेटमध्ये कनेक्टिंग रॉडचे मोठे टोक बुशवर फिरते, आणि त्या बुशला तेलाचा अखंड पुरवठा हवा असतो. पातळी फार उतरली, तर बुश जळते आणि पेटी पूर्ण उघडावी लागते.

एक शेवटची खूण. बरेच दिवस उभ्या असलेल्या बुलेटमध्ये तेल टाकीच्या कप्प्यातून पंपामार्गे हळूहळू पेटीत उतरते. पातळी कमी दिसली, म्हणून वरून आणखी तेल ओतू नका. आधी इंजिन काही मिनिटे चालवा, पंप ते तेल परत वर आणतो, आणि मगच पातळी मोजा.